राखीव गोलकीपर आणि बाबांचा भात

मी कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबात खेळायला निघालो, त्या दिवशी बाबांनी भात सोडला.

देवासाठी असं काहीतरी सोडायची पद्धत आमच्याकडे आहे. लोक पडवळ सोडतात, कारलं सोडतात, म्हणजे जे नाही तरी पानात तसंच राहतं ते सोडतात आणि वर चारचौघांत सांगत फिरतात. बाबांना असली लबाडी जमली नाही. ते फॅक्टरीत फिटर होते. एका सुताचा फरक राहिला तरी सगळा जॉब पुन्हा खोलायचे. नवसही त्यांनी तसाच केला. गणपतीसमोर बसून, मी ऐकत असताना, मोठ्याने म्हणाले, "पोरगा मोठ्या क्लबाकडून एक अख्खी मॅच खेळेपर्यंत भात सोडला." अख्खी, म्हणजे नव्वद मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांसाठी उतरलो तर ते धरायचं नाही, हेही त्यांनी आईला समजावून सांगितलं.

आणि भात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आमच्या जबलपूरच्या मदन महल भागातल्या त्या दोन खोल्यांत दोन्ही वेळेला वरण-भात शिजायचा. सकाळच्या डब्यातही भातच, वर लिंबाची फोड. आई म्हणाली होती, "अहो, दुसरं काही सोडा ना. काहून जिवाला त्रास देऊन राहिले?" बाबा म्हणाले, "जे लागतच नाही ते देऊन देव काय करेल?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मला फार अभिमान वाटला. वर्षभरात मॅच खेळू, परत येऊ आणि बाबांना माझ्या हाताने भात वाढू, असं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं.

क्लबात मी गोलकीपर होतो, पण राखीव. हा धंदा लोकांना माहीत नसतो, म्हणून सांगतो. बाकीच्या खेळाडूंमधला राखीव कधी ना कधी उतरतो. कोणी दमतो, कोणाला लागतं, कोणाला कोच वैतागून बाहेर काढतो. गोलकीपर मात्र दमत नाही आणि त्याला कोणी बदलत नाही. राखीव गोलकीपरचं काम म्हणजे मॅचआधी पहिल्या गोलकीपरच्या दिशेने बॉल मारून त्याचे हात गरम करणं. मग अंगात रंगीत बनियन घालून बाकावर बसायचं आणि नव्वद मिनिटं मनातल्या मनात झेप घ्यायची. मी उत्तम बसायचो. माझ्याइतका सराव झालेला बसणारा त्या क्लबात दुसरा नव्हता.

दर मॅचनंतर बाबांचा फोन यायचा. प्रश्न एकच, "उतरला का?" मी "नाही" म्हणायचो. ते म्हणायचे, "अच्छा. चलो, होईल. मी आहे ना इकडे." हे "मी आहे ना इकडे" म्हणजे भात खात नाही आहे, काळजी करू नकोस. गणपतीच्या दिवसांत नैवेद्याच्या ताटातली भाताची मूद ते कपाळाला लावायचे आणि दीदीच्या ताटात ठेवायचे, हे तिनेच मला फोनवर सांगितलं होतं. मी तिच्यावर चिडलो. असल्या गोष्टी मला कळवायची काही गरज नव्हती.

एकदाच संधी आली. पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. दोन दिवसांनी मोठी मॅच होती, आणि कोचने मला आणि तिसऱ्या गोलकीपरला सरावाच्या खेळात अर्धा अर्धा वेळ उभं केलं. जो बरा वाटेल तो खेळणार. मी पहिल्या अर्ध्यात होतो आणि खरंच चांगला खेळत होतो. आजही सांगतो, चांगला खेळत होतो. मग एक लांब बॉल आला. आमचा बॅक, म्हणजे गोलपुढचा बचावपटू, केरळचा होता. तो पाठमोरा पळत येत होता आणि मी पुढे धावलो. बॉल माझा होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "सोड! सोड!"

आता इथे जबलपूरला हे चाललं असतं. फॅक्टरीच्या मैदानावर अर्धी टीम आमच्या मराठी घरांतली, आणि उरलेल्यांना ऐकून ऐकून सवय झालेली. माझं "सोड" ऐकलं की घरात बुंदेली बोलणारा बॅकसुद्धा बाजूला व्हायचा. कलकत्त्याला आम्ही "कीपर" ओरडायचो, किंवा "लीव्ह", फार तर "छोड़". हे सगळं मला पाठ होतं. दिवसभर मी हिंदीच बोलायचो, शिव्याही हिंदीतच द्यायचो. पण भीती वाटली तेव्हा तोंडातून घरचा शब्द निघाला. त्या केरळच्या बॅकला तो कुठल्याच भाषेत ओळखीचा नव्हता. आपल्याला काहीतरी करायला सांगतायत एवढं त्याला कळलं, आणि त्याने डोकं लावून बॉल माझ्याकडे दिला. मी पुढे आलेलो होतो. बॉल माझ्या डोक्यावरून जाळ्यात गेला.

"भाई, क्या बोला तू?" त्याने विचारलं. बिचारा मनापासून विचारत होता. कोचने काही विचारलं नाही. यादीत दुसऱ्याचं नाव लागलं आणि तो पठ्ठ्या इतका छान खेळला की पुढे तोच पहिला झाला.

बाबांना मी एवढंच सांगितलं, "चान्स नाही मिळाला." हा शब्द सांगितला नाही. कसा सांगणार? त्याच शब्दाने त्यांनी भात सोडला होता.

देवाचं मी तेव्हा पुष्कळ करायचो. मॅचआधी खांबाला हात लावून नमस्कार, मग बाबांनी शिकवलेलं स्तोत्र. आमच्यातला एक जण छातीवर क्रूस काढायचा, एक हात पसरून दुआ मागायचा, आणि समोरचे अकराही हेच करायचे. बाकावर बसून दुसरं काही काम नसल्यामुळे मी यावर खूप विचार केला. दोन्ही गोलकीपर देवाकडे एकच मागणं मागतात आणि त्यातल्या एकाचं तरी त्याला नाकारावंच लागतं. देव काही दुष्ट नाही, हे मला पटलं होतं. त्याची यादी असते, एवढंच. माझं नाव तिच्यात खाली कुठेतरी राखीव म्हणून होतं आणि वरचा कोणी हलत नव्हता. मग मी स्तोत्र म्हणणं थांबवलं. त्याने बिघडलं काही नाही, सुधारलंही नाही.

मग एका ओल्या सकाळी, सरावातच, गुडघा गेला. मॅचमध्ये गेला असता तर निदान सांगायला तरी बरं झालं असतं. ऑपरेशन झालं, क्लबाने हात जोडले आणि मी जबलपूरला परत आलो. इथल्या एका शाळेत पीटीचा शिक्षक झालो, तोही कंत्राटी. शिट्टी वाजवतो, रांगा लावतो.

यापुढचं लिहायला मला लाज वाटते. परत आल्यावर बाबांनी विचारलं, "गुडघा भरला की पुन्हा जायचं ना?" मी म्हणालो, "हो, प्रॅक्टिस करून राहिलो ना." आणि हे मी एकदा नाही, कित्येक वर्षं म्हणत राहिलो. संध्याकाळी किटची बॅग खांद्याला लावून घरातून निघायचो, मदन महलच्या खडकांवर जाऊन तासभर बसायचो, बुटांना जरा धूळ लावायचो आणि परत यायचो. मला वाटायचं, बाबांना सगळं समजतं. चाळिशीकडे झुकलेला लंगडा माणूस कुठल्या क्लबात खेळणार आहे? आम्ही दोघं एकमेकांचं मन राखतो आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते पोळी खायचे, आई मला भात वाढायची, आणि मी तो खायचो.

यंदा बाबांच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ भात, पेज, मुगाची पातळ खिचडी, यावरच माणूस उभा राहील. पोळी उतरत नव्हती. दलिया अडकायचा. रव्याची खीर दोन दिवस चालली, मग तिच्या वासानेच उलटी व्हायला लागली. उरलं दूध. बाबा दुधावर वाळत चालले. भाताची वाटी पुढे केली की हाताने बाजूला सारायचे. आई रडली, दीदी नागपूरहून येऊन भांडून गेली. काही उपयोग झाला नाही.

शेवटी आईने ओळखीच्या गुरुजींना बोलावलं. रेल्वेतून रिटायर झालेले, समजूतदार गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवस उतरवता येतो. पण ज्याच्यासाठी केला त्याने देवासमोर सांगायला हवं की हे आता होणं नाही, आणि हातावरून पाणी सोडायला हवं. त्याने सोडलं की तुम्ही मोकळे."

बाबा म्हणाले, "मग ते त्याच्यावर आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू, उद्या-परवा." आणि चार दिवस काढले. शाळेत काम आहे म्हणालो, दिवस चांगला नाही म्हणालो. पलंगावर बाबांच्या गालांचे खड्डे दिसत होते आणि मी दिवस चांगला नाही म्हणत होतो. पाचव्या सकाळी दीदीचा फोन आला. "काहून थांबून राहिला तू? एक वाक्य बोलायचं आहे. खेळणार आहेस का तू? सांग मला, खेळणार आहेस?" मी फोन ठेवला आणि आंघोळीला गेलो.

गुरुजींनी मला पाटावर बसवलं. बाबांना भिंतीला टेकवून समोर खुर्चीत बसवलं होतं. उजव्या तळव्यावर पळीभर पाणी घातलं. माझी दोन बोटं बॉल लागून लागून वाकडी झाली आहेत, ती मिटत नाहीत. मी बोलायच्या आतच पाणी गळून गेलं. गुरुजी म्हणाले, "असू दे, परत घ्या." दुसऱ्या वेळी मी डाव्या हाताने फट दाबून धरली.

"मी आता मोठ्या क्लबाकडून खेळणार नाही," मी म्हणालो. आवाज बरा निघाला. मग हात वाकडा केला आणि पाणी ताम्हनात सोडलं.

आईने मऊ भात आणला, वर वरण, तुपाचा थेंब. बाबांनी पहिला चमचा तोंडात बराच वेळ धरून ठेवला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. त्यांचा हात घाईघाईने चालत होता. इतकी वर्षं त्यांना किती भूक होती, ते मला त्या चमच्याच्या आवाजात ऐकू येत होतं. वाटी संपत आल्यावर ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. आत्ताच कोणीतरी वाईट बातमी आणून द्यावी तसे ते पाहत होते, आणि मला समजलं की त्यांच्यासाठी ही बातमीच होती. त्यांना काहीही समजलेलं नव्हतं. त्या सकाळपर्यंत ते वाट पाहत होते.

"बेटा," ते म्हणाले, "हे तू आधी काहून नाही सांगितलं?"

त्यात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर मला माहीत होतं. जोवर बाबा भात खात नव्हते, तोवर या जगात एक माणूस मला खेळाडू समजत होता, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना उपाशी ठेवलं. वाटी रिकामी होत आली होती. मी आईच्या हातातून पातेलं घेतलं आणि त्यांना आणखी थोडा भात वाढला.