नखांच्या खुणा

उद्यानात नवा रोलर कोस्टर आल्याची बातमी वाचून मी आठ वर्षांच्या मुक्ताला तिथे घेऊन गेलो. रांगेतच ती म्हणाली, “बाबा, मला भीती वाटतेय. आपण शेजारच्या हुरडा महोत्सवातच जाऊ या ना.”

“भित्री भागूबाई!” मी सगळ्यांदेखत हसलो. ती मुकाट माझ्याबरोबर चढली. गाडी खाली झेपावली तेव्हा मी ओरडत होतो; तिने आवाज गिळून माझं मनगट धरलं होतं.

नंतर गरम हुरडा घेऊन बसलो, तेव्हा मनगटावर तिच्या नखांच्या लाल खुणा दिसल्या. भीती वाटते हे सांगायलाही धीर लागतो. तो तिने दाखवला होता आणि मी त्यालाच हसलो होतो. माफी मागायला मी तिच्याकडे वळलो.

तेवढ्यात तिने हळूच विचारलं, “बाबा, आता मी तुला आवडते ना?”