आईला मोठ्या दरवाजातून नेलं

मंडळी, आत्ताच पोशेऱ्याला घरी पोचले. पाय दुखतायत, पण हे आजच लिहायचं ठरवलंय.

आईला वसईचा किल्ला दाखवून आणला. पालघरपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. मी लहान असताना तिथे दुरुस्ती चालली होती, तेव्हा आईने दोन उन्हाळे तिथे चुन्याच्या पाट्या वाहिल्या. किल्ला बघितला मात्र कधीच नाही.

आज रिक्षातून उतरलो, तर आई पदर खोचून भराभर मागच्या बाजूला निघाली.

"आई, कुठे?"

"मजूर हिकडूनच जातात. मोठ्या दरवाजातून गेलं तं मुकादम वरडंल."

आता कुठला मुकादम! पण ती ऐकेना. मग मीही हट्टाला पेटले. हात धरून, सगळा वळसा घालून तिला मोठ्या दरवाजाशी आणलं. तिथे तिने चपला काढल्या. मी परत घालायला लावल्या.

आत एका भिंतीवर तिने हात फिरवला. "हा चुना आमचा. अजून धरून हाय."

शेजारी फोटो काढणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "मावशी, पहिल्यांदाच आलात का?"

"हां," आई म्हणाली. "बघाया पहिल्यांदाच."

तुमच्या घरात असं कोण आहे? त्यांना घेऊन जा. आणि समोरूनच न्या.