पान उलटण्याआधी

आज पार्सल फोडलं आणि ताज्या शाईचा वास आला. परग्रहावरच्या साहसांची नवी कॉमिक्स मालिका, पहिला अंक. त्या वासासरशी मी लहानपणीच्या, हुडकेश्वरच्या आमच्या गच्चीवर पोचले.

तेव्हाही अशीच मालिका येणार होती. मैत्रीण शालूने आणि मी अख्खी सुट्टी त्या मालिकेची वाट पाहिली. गच्चीवर खडूने त्यातला ग्रहसुद्धा काढला. पहिला अंक सोबतच उघडायचा, अशी शपथ होती. शालूच्या बाबांनी तो सीताबर्डीच्या बाजारातून आणला. "म्या हातबी नाही लावला वं, तुह्यासाठी थांबली," ती म्हणाली.

टाकीच्या सावलीत डोक्याला डोकं लावून वाचू लागलो. कप्तान गुहेत शिरला. मी पान उलटणार, तोच शालूने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पुढच्या पानावर त्याचं यान जळत होतं.

मी उरलेला अंक तिच्या तोंडाकडे बघतच वाचला. प्रत्येक धक्का तिला माझ्याआधी बसत होता.

तिला धीर धरवला नसेल, हे आज कळतं. पण ते खोटं थांबणं अजून सलतं.

आत्ता तिचाच मेसेज आलाय. "माहंबी पार्सल आलं वं! उघडलं नाही अजून. ये, सोबत वाचू."

मी लिहिलं, "तू वाच. मले तं तुह्या तोंडावरूनच समजते."