विहीणबाईंचा बिनभोकाचा केक

केकमध्ये भोक दिसलं की जिला घास उतरत नाही अशी बाई साऱ्या नांदेड-लातुरात एकच असेल, आणि नेमकी तीच माझी विहीण निघाली. माणसाला शेजाऱ्याची गाय खपत नाही, जावेचं लुगडं खपत नाही, हे मी समजू शकते. पण बोटाएवढ्या हवेशी वैर धरलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी पुण्याला नोकरीला. विहीणबाई नांदेडात वरच्या मजल्यावर एकट्या, सोबतीला केक. शिकल्या मोबाईलवर बघून. कुकरच्या तळाला मीठ पसरायचं, शिट्टी काढून ठेवायची आणि आत केक भाजायचा, इथपर्यंत चार बायका करतात तसंच. पण ह्यांचा मैदा चाळून चाळून तोंडाला लावायच्या पावडरीसारखा होतो. पीठ ढवळायचं ते एकाच दिशेनं आणि तेही बेतानं, कारण जास्त फेटलं की हवा शिरते. त्या वेळी दारात पाहुणा उभा असला तरी ओ द्यायची नाही. सोड्याचा तर त्यांना भरवसाच नाही. "सोडा म्हंजे पाव्हणा हाय, ईनबाई," त्या मला सांगतात. "कमी आला तर गोड, जास्त झाला की घर डोक्यावर घेतो." पीठ डब्यात ओतलं की स्वेटरची सुई घेऊन एकेक बुडबुडा शोधून फोडायचा, जशा काही लेकीच्या डोक्यातल्या उवाच मारतायत. आणि शेवटी तो डबा दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर आपटायचा. हळू नाही, चांगला दणादण. खालची भाडेकरीण एकदा वर येऊन म्हणाली, "काकू, फरशी बसवून राहिल्या का? किती दिवस चालंल?"

एवढं करून केक निघतो तो विटेसारखा घट्ट आणि चवीला, खोटं कशाला बोलू, चांगला. पण खायला मिळायच्या आधी त्याची तपासणी. सुरीनं मधोमध कापायचा, मोबाईलची बॅटरी लावायची आणि डोळा बारीक करून आत बघायचं. एकदा मुरुडला नात्यातल्या बारशाला गेलो होतो. केक कापला, टाळ्या झाल्या, आणि ही बाई पुढं होऊन बॅटरी मारून बघायला लागली. बाळाची आजी घाबरली. तिला वाटलं आत काही पडलंय. इडली पुढ्यात आली तरी त्या आधी मोडून बघतात. मी चाकूरची. आमच्याकडं भाकरी टम्म फुगली नाही तर सून शिकलीच नाही म्हणतात. विहीणबाई माझ्या घरी आल्या आणि तव्यावरची फुगलेली भाकरी उलथन्यानं दाबून बसवायला लागल्या. मी उलथनं काढून घेतलं. "तुमच्या केकात नाक खुपसत न्हाई मी," म्हटलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांची लेक दिलीय किनवटला. लग्नानंतर लेकीचा पहिला वाढदिवस माहेरी करायचा म्हणून जावई मोठ्या हौसेनं नांदेडच्या बेकरीतून केक घेऊन आले. गुलाबाची फुलं काढलेला, भला मोठा. बाईंनी कापला, बॅटरी लावली आणि भरल्या घरात म्हणाल्या, "जावईबापू, पैशे केकचे दिले अन् हवा घेऊन आले की तुमी!" सगळे हसले. मीही हसले, बोलणं मजेदार होतं. जावई तेवढे हसले नाहीत. "उशीर होतोय," म्हणून त्यांनी चपला घातल्या, आणि परत त्या घरी पाऊल ठेवलं नाही.

जावई रुसला की लेकीला माहेर राहत नाही, नुसती ये-जा राहते. लेक यायची सकाळच्या गाडीनं आणि घड्याळाकडं बघत दुपारच्या गाडीनं परत जायची. मुक्काम नाही. बाई वरवर दाखवायच्या नाहीत, पण त्या दिवशी कुकर चढवायच्या नाहीत. मीच एकदा त्यांना धरून बसवलं आणि जावयाला फोन लावून दिला, म्हटलं मागा माफी. बाई म्हणाल्या, "चुकलं माझं, जावईबापू. पण भोकं व्हती." मी फोन हिसकावला तोवर तिकडून ठेवून दिला होता.

मग धोंड्याचा महिना आला. या महिन्यात सासुरवाडीचं जेवण नाही म्हणता येत नाही. जावयाच्या आईनंच त्यांना दामटून पाठवायचं ठरवलं. आणि इकडं विहीणबाईंची पंचाईत, कारण धोंड्याचं वाण जाळीदार पदार्थाचंच लागतं. त्यांचा मला फोन: "ईनबाई, अनारसे माझ्या हातानं व्हायचे न्हाईत. या तुमी." गेले. कढईत अनारशाला जाळी पडायला लागली तशी बाई तोंड फिरवून म्हणाल्या, "अवं, ही तर चाळणी झाली!" म्हटलं, "चाळणी झाली म्हणूनच वाणाला चालती. तुमी तिकडं पुरण बघा."

जावई आले. हाव, न्हाई आणि बास, एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी जेवण उरकलं. पण पुरणाचे धोंडे आणि वर तूप, त्याच्यापुढं रुसवा किती टिकणार? वाण घेतलं आणि बैठकीतल्या दिवाणावर आडवे झाले. चहा घेऊन लेक-जावई दोघं परत निघणार होते.

चहाबरोबर द्यायला बाईंनी केक करायला घेतला. सगळं बेतशीर झालं, सुई फिरवून झाली. डबा दोन्ही हातांनी वर उचलला आणि तशाच उभ्या राहिल्या. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदा.

"आपटा की," मी म्हटलं.

"उठतील ते."

"उठू द्या. जायचंच हाय त्यांना."

"न्हाई ओ," त्या पुटपुटल्या. "या घरात पाठ टेकलीय त्यांनी."

आणि तो डबा त्यांनी कुकरमध्ये असा अलगद ठेवला, जसं काही त्यात तान्हं लेकरू होतं.

केक निघाला तो व्हायचा तसाच. सुरी फिरली आणि आत बोट जाईल अशी भोकं. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी बॅटरी लावली नाही; तुकडे ताटलीत मांडून पडद्याबाहेर गेल्या. मीही मागोमाग गेले, असली गंमत कोण सोडतो? जावयानं तुकडा उचलला, या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला. मला वाटलं, आता फिटंफाट होते. लेकीनं तर पदराचं टोक चावायला घेतलं होतं.

"मामी," जावई सासूला म्हणाले, "आज डबा आपटला न्हाई का?"

"तुमी निजले व्हते."

जावयानं तुकडा खाल्ला, दुसरा आपल्या हातानं घेतला. आता निजलेल्या माणसाला डबा आपटला नाही हे भोकं बघून कळलं, की पडद्याआडचं सगळं ऐकत पडला होता, हे मी विचारणार होते. पण म्हातारपणी कधीकधी तोंड बंद ठेवता येतं. बशीतला चहा संपवून त्यांनी चपला घातल्या आणि बायकोकडं न बघताच म्हणाले, "हिला राहू द्या चार दिवस. मी येतो न्यायला."

संध्याकाळी माझी चाकूरची गाडी. विहीण निघाली की तिला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, जिन्याखालपर्यंत सोडायला जायचं. मान असतो तो, आणि विहीणबाई त्याला कधी चुकल्या नव्हत्या. मी पिशवी घेऊन उभी राहिले. लेक पुढ्यात बसली होती, आई तिच्या डोक्यात तेल जिरवत होती, आणि दोघींचं एकदमच बोलणं चाललं होतं. "निघते," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. दुसरी विहीण असती तर जन्मभर बोलून दाखवलं असतं. मी दार हळू ओढून घेतलं आणि कठडा धरून जिना उतरले.