बापूंच्या अंगाला माती

पिशवीत बाबांचं पदक घेऊन पुण्याहून एसटीत बसले आणि शिरवळच्या पुढे अशी झोपले, की उंब्रज मागे पडून थेट कऱ्हाडला जाग आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, उठवलं तर अंगावर खेकसलात की!" खेकसले असेन. स्वभावच तसा.

उलट्या गाडीने उंब्रजला आले. उसातून जाणाऱ्या वाटेवर बापूंचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. बापू म्हणजे बाबांचे फुटबॉल संघातले दोस्त, आता ऐंशीच्या घरातले. पलटणीतून सुटल्यावर मुंबईच्या एका गिरणीने त्यांना फुटबॉल खेळायलाच पगारावर ठेवलं होतं. त्या काळी लोकांना त्याचं केवढं नवल! एकाहत्तरच्या लढाईसाठी जुन्या शिपायांना परत बोलावणं आलं, ते ऐन अंतिम सामन्याच्या तोंडावर. बापूंच्या जागी बाबा उतरले, गोल मारला, पदक मिळालं. बापू परतले ते उजवा पाय सुरुंगात गमावून. बाबा जन्मभर म्हणायचे, "पदक बापूचं. मी नुसता राखणदार." गेल्या महिन्यात जाताना माझ्याकडून त्यांनी वचन घेतलं, की हे त्याला नेऊन देशील.

काकूंनी माडगं (कुळथाच्या पिठाची गूळ घातलेली पेज) पुढे ठेवलं. मी पदक काढलं. बापूंनी हात मागे घेतला.

"न्हाई पोरी. आमच्या तालमीचा नेम हाय. अंगाला मैदानाची माती लागली न्हाई, त्यानं इनाम घ्यायचं न्हाई. जोडीचा मल्ल कुस्तीला आलाच न्हाई, तरी बी न्हाई."

"काका, बाबांचा जीव अडकला होता हो यात!"

"तुजा बा लय भला. पर त्या दिवशी मी मैदानात न्हवतो."

मला रडूच आलं. बाबांचा शब्द तसाच परत न्यायचा?

"बरं, गोल कसा मारला ते तरी बघा," म्हणत मी अंगणात उतरले. तिथे त्यांच्या नातवाचा चेंडू पडला होता. बाबांनी हजारदा सांगितलेली चाल मी करून दाखवू लागले. बापू खवळलेच.

"आसं न्हवं गं! ती चाल माजी हाय, मीच शिकिवली त्याला. सरक!"

नकली पायावर भार टाकून त्यांनी डावा पाय फिरवला. चेंडू वैरणीच्या गंजीत घुसला आणि बापू धाडकन आडवे.

"आवं, म्हातारपणी ह्यो काय खेळ!" काकू ओरडत धावल्या.

बापू पडल्या पडल्या हसत होते. धोतर, मिशा, सगळं धुळीने माखलेलं. मग हसणं थांबलं. त्यांनी तळवे डोळ्यांपुढे धरले, बराच वेळ पाहिले.

"लागली गं माती," ते म्हणाले. "आण ते हिकडं."

परतीच्या गाडीत पिशवी हलकी होती, तरी पुण्यापर्यंत डोळा लागला नाही. लढाईने बापूंचा पाय नेला, पगार नेला, नाव नेलं. ती चाल तेवढी बाबांनी सांभाळून ठेवली होती. बाबांना सगळं सांगायची सवय अजून मोडलेली नाही. खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "दिलं हो, बाबा. घेतलं त्यांनी."