लेकीच्या यादीतला चुकलेला पेपर

माझ्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या खाली लेकीच्या कामाची यादी हाय. अकरा पानं, समदी इंग्रजीत. मी चौथीपतुर शिकले, त्यातली बी दोन वर्सं म्हशीमागं गेली, तवा मला त्यातलं काय वाचता येत न्हाई. पर हरेक ओळीत तिचं नाव कुठं हाय ते घावतंय, कारण तिनं ते ठळक छापून घेतलंय. सातव्या पानावर एका ओळीखाली बारक्या अक्षरात आणखी एक ओळ हाय. ती तिला माझ्यामुळं लिवावी लागली. तेवढंच सांगायचं हाय.

लेक पुण्याला कॅन्सरवर संशोधन करती. डॉक्टर म्हणत्यात तिला, पर ती सुई देणारी न्हवं. गावाकडं आली की बाया गुडघं दाखवाय यायच्या. ती म्हणायची, मावशी, मी त्यातली न्हाई. त्या म्हणायच्या, मंग एवढी वर्सं शिकलीस काय गं?

माझं म्हायेर रहिमतपूरच्या अंगाचं, दिलं तासगावकडं. मालक लांब मुलखात गलाईच्या दुकानात सोनं गाळायला हुतं. तेजाबाचा धूर छातीत बसला. घरी आलं ते खोकतच आलं, आन लेक सात वर्साची असताना गेलं. तेराव्यानंतर मी बेदाण्याच्या शेडवर कामाला लागले. घरात बसून ते माघारी येणार न्हवतं.

शेडवर माझं काम निवडायचं. बेदाण्यातलं देठ, काड्या, काळं मणी येगळं काढायचं, दिवसभर मांडी घालून. हरेक बाईला नंबर, माझा सतरा. पेटी भरली की आपल्या नंबराची चिठ्ठी आत टाकायची. व्यापाऱ्याला त्यात देठ घावला तर पेटी माघारी यायची, आन समद्यांच्या म्होरं बसून परत निवडायला लागायची. माझी तीनदा आली. तिन्ही येळंला खाली मान घालून निवडली.

लेक तवा शाळा सुटली की शेडवर यायची, माझ्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायची. कायतरी मोठ्यानं पाठ करायची, आन आमी बाया तेच म्हणत मणी निवडायचो. अजून मला त्यातलं थोडं येतंय, अर्थ म्हाईत न्हाई.

माझी थोरली जाऊ माझ्या शेजारच्या चटईवर बसायची. आमी दोघी मिश्री लावायचो. समद्याच लावायच्या. तंबाखू तव्यावर काळीभोर हुस्तवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आन बोटानं दातांना लावायची. आमी तिला तंबाखू म्हणून कवा मोजलीच न्हाई. सकाळची लावली की पोट साफ हुतंय आसं समज. पर खरी गरज दुपारची. मिश्री लावली की भूक मरती, आन हात थांबत न्हाई. बारा वाजता एक बोट, तीन वाजता एक, चहाच्या आधी एक, घरला जाताना एक.

जावंच्या गालाच्या आत पांढरा डाग आला. मंग तिचं तोंड उघडंना. भाकरीचा तुकडा जायचा बंद झाला, मंग भात, मंग कण्या. मिरजेला नेली तवा उशीर झाला हुता. लेक कॉलेजला हुती, सुट्टीत आली की चमच्यानं तिला पेज पाजायची. ओठाच्या फटीतनं चमचा आत जायाचा न्हाई, तवा तिनं बाळाला औषध पाजायचं बोंडलं आणलं. जाऊ गेल्यावर ते बोंडलं तिनं धुतलं, पुसलं आन आपल्या दप्तरात ठेवलं. मी इचारलं न्हाई कशाला म्हणून.

पुढं ती शिकत गेली, मी निवडत गेले. ती पेपर लिवती आसं सांगायची. मला वाटायचं वर्तमानपत्रात येत आसंल. मंग तिनं बसवून समजावून सांगितलं. आपण काय शोधलं, कसं शोधलं, ते लिवायचं. दुसरी शिकलेली माणसं ते तपासत्यात, मंगच छापत्यात. आन त्याच्या म्होरं जगात कुनी तसलं काम केलं, तर त्यानं आपल्या पेपरात सांगायचं, की ही गोष्ट मला हिच्या कामातनं मिळाली. तसं कुनी सांगितलं की हिच्या नावापुढं एक आकडा वाढतोय. फोनवर दिसतोय. वर्सावर्साच्या उभ्या पट्ट्या असत्यात, रानातल्या ज्वारीच्या ताटांसारख्या.

मी म्हणलं, म्हंजी आमच्या पेटीतल्या चिठ्ठीगत. ती हसली, म्हणाली व्हय, अगदी तसंच.

मंग तिला आमच्याच बायांवर काम करायचं हुतं. मिश्रीनं तोंडात काय हुतंय ते. तिनं शेडच्या मालकाची परवानगी काढली, बॅटरी आन कागद घिऊन आली. बायांना मी गोळा केलं. माझ्या लेकीचं काम हाय म्हणलं, कुनी न्हाई म्हणाली न्हाई. एकेकीचं तोंड उघडून बघायची आन इचारायची, मिश्री दिवसातनं किती येळा लावता?

पयला नंबर माझाच हुता. मागं मुकादमीण उभी हुती. आता शेडवर कामाच्या येळंला मिश्री लावायला बंदी झाली हुती. माल परदेशाला जायाचा, तोंडातलं बोट बेदाण्यात नको. जी घावंल तिला घरी पाठवायचं. तरी आमी लावतच हुतो, पदराआड. लेकीनं इचारलं तवा डबी माझ्या कनवटीला हुती.

मी म्हणलं, सकाळी एकदा.

लेकीनं लिवलं. तिनं मला सकाळच्या पारी लावतानाच बघितलं हुतं. लहानपणी शेडवर ती पाठ लावून बसायची, तोंड करून न्हवं, आन पुढं वसतिगृहात गेली. माझ्यामागनं समद्या बायांनी तेच सांगितलं, सकाळी एकदा. एक तर माझ्याकडं बघून डोळं मिचकावून गेली.

तो पेपर लय गाजला. का गाजला तेच ऐका. समद्यांना नवल वाटलं, की दिवसातनं एकदाच मिश्री लावणाऱ्या बायांच्या तोंडात एवढं डाग कसं? एवढ्या थोड्यानं एवढं? कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी तिचं नाव घातलं. फोनवरची ताटं उंच झाली. गावच्या हायस्कुलात सत्कार झाला, मला बी शाल दिली. मी शाल पांघरून बसले हुते. ज्यामुळं टाळ्या वाजत हुत्या ते माझं खोटं हुतं, आन ते एका मलाच उमगलं हुतं. समोर बसलेल्या बाकीच्या बायांना आपण खोटं सांगितलं ते म्हाईत हुतं, पर टाळ्या त्याच्याच हायत ते कळलं न्हवतं.

दोन वर्सं मी गप ऱ्हायले.

मंग लेक एकदा उन्हाळ्यात आली ती वाळली हुती. मोठ्या जागेसाठी तिची निवड व्हायची हुती. त्यात यादी बघत्यात, आन यादीत त्योच पेपर समद्यात वर. मला वाटलं, त्याचीच काळजी आसंल. पर ती म्हणाली, आई, त्या पेपरातला आकडा मला पटत न्हाई. एकदा लावून एवढं हुईत न्हाई. म्या तपासण्याच चुकीच्या केल्या काय कळंना. तीनदा परत समद्या नोंदी तपासल्या. कुठं चुकलं घावत न्हाई.

जी चूक तिची न्हवती ती आपल्या कामात हुडकत हुती. ते मला बघवलं न्हाई.

दुपारची जेवणं झाली हुती. मी सोप्यात तिच्या म्होरं बसले, कनवटीची डबी काढली, उघडली आन तिच्या देखत मिश्री लावली. ती बघत ऱ्हायली.

"आई, ही कितवी?"

"तिसरी. अजून दोन व्हायच्या हायत."

"आन बाकीच्या?"

"माझ्यापरास जास्त लावणाऱ्या हायत."

मंग मी मुकादमीण, बंदी, डोळं मिचकावणं समदं सांगितलं. ती उठली. अंगणातल्या तारेवरची लुगडी काढून आणली, घड्या घातल्या. मला वाटलं आता ती चिडंल. चिडली आसती तर बरं वाटलं आसतं. मीच म्हणलं, तू काय बोलू नगंस. जागा मिळू दे, मंग बघू. आमी बाया मरून जाऊ, कुणाला कळतंय?

ती घडी घालता घालता म्हणाली, "तुझ्या पेटीत देठ निघाला तर काय करायचीस?"

"पेटी माघारी यायची."

"मंग ही आली म्हण."

माझी पेटी दुसऱ्यानं माघारी पाठवायला लागायची, ही आपली आपण उचलून आणत हुती.

तिनं त्या छापणाऱ्यांना कळवलं, की माझ्या पेपरातला एक आकडा खरा न्हाई, बायांनी कमी सांगितलं, कारण मी त्यांना चुकीच्या जागी इचारलं. त्यात माझ्यावर काय ढकललं न्हाई, मुकादमिणीवर न्हाई, बायांवर न्हाई. मी चुकीच्या जागी इचारलं, एवढंच. ती जागा त्या साली दुसऱ्याला गेली. लेकीनं ते मला फोनवर सांगितलं आन लगेच इचारलं, बीपीची गोळी घेतलीस का.

मंग दिवाळीनंतर परत काम धरलं. आता शेडवर न्हाई, घरोघरी, मी संगं. पर घरी बी बाया खरं सांगंनात. सुनंच्या म्होरं सासू लाजायची, सासूच्या म्होरं सून. पाच घरं झाली, कागदावर तेच, सकाळी एकदा. लेक कट्ट्यावर बसली, पेन बंद केलं.

मी म्हणलं, किती येळा ते कुनी सांगणार न्हाई. तू असं इचार, भाजायला कवा बसता? भाजायची गोष्ट दडत न्हाई. तव्यावर मिश्री चढली की आख्ख्या गल्लीला ठसका लागतोय. बाई गेल्या बाजारच्या दिवशी भाजली म्हणंल, न्हाईतर शेजारीण सांगंल. आन डबी किती दिवसांत सपती ते इचार. डबी बघायला माग.

लेकीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं तिच्या मास्तरणीकडं बघत आसंल. लहानपणी तिला पैल्यांदा अक्षर मीच गिरवून दिलं हुतं, त्यानंतर कवा काय शिकवलं न्हवतं.

सहाव्या घरात तिनं तसंच इचारलं. बाई घडाघडा बोलली. आवं, आठ दिस बी पुरत न्हाई मेली, परवाच भाजली, ही बघा. लेकीनं डबी हातात घिऊन बारक्या काट्यावर तोलली. ज्या पाच घरी खोटं मिळालं हुतं, तिथं परत गेली. कंटाळा न्हाई, राग न्हाई. डोळं मिचकावलेल्या बाईची डबी समद्यात मोठी निघाली. तिला लेकीनं गालात डाग दाखवला, आरसा धरून. त्या बाईनं त्या दिवसापासनं मिश्री सोडली. मला वाटलं न्हवतं ती सोडंल.

दुसरा पेपर गाजला न्हाई. त्यात नवल काय न्हवतं. जास्त लावणाऱ्याला जास्त हुतंय, थोडी लावणाऱ्याला बी हुतंय, जसं हाय तसं. फोनवरची ताटं एक वर्स खुजी ऱ्हायली. मी इचारलं, मंग आता तो पयला पेपर यादीतनं काढलास का? ती म्हणाली, काढायचा न्हाई. खाली लिवायचं, ह्यात चूक हाय, ती इथं सुधारलीया. माणसं अजून त्याचं नाव घालत्यात, काही जण तो चुकला म्हणून घालत्यात, त्याचा बी आकडा वाढतोयच. फोनला त्यातलं कळत न्हाई, आपल्याला कळलं पायजे.

तीन सालांनी तिला जागा मिळाली. निवडणाऱ्या माणसांनी अकरा पानांतल्या त्या बारक्या ओळीवरच जास्त इचारलं म्हणं. तिनं काय सांगितलं ते मला सांगितलं न्हाई. एवढंच म्हणाली, तुझ्या तव्याचं बी सांगितलं.

गेल्या महिन्यात आली तवा फोन उघडून दाखवला. लांबच्या कुठल्या देशात बाया असलंच कायतरी तोंडात धरत्यात, तिथल्या एकानं आपल्या कामात लिवलंय, की आमी बायांना किती येळा असं इचारलं न्हाई, डबी किती दिवसांत सपती ते इचारलं, आन ही रीत ह्या बाईंच्या पेपरातनं घेतली. तिनं बोट ठेवलं तिथं तिचं नाव हुतं. ठळक न्हवतं, तरी मला घावलं.

मंग बॅटरी काढली. दर येळंला काढती. तोंड उघड म्हणाली. माझ्या डाव्या गालात पांढरं हाय, मसुरीएवढं, ती ते मापती आन वहीत लिवती. वाढलं न्हाई म्हणाली. मंग इचारलं, डबी किती दिवस पुरती आता?

आधी चार दिवस पुरायची. मी म्हणलं, महिना. खरंच सांगितलं.

तिनं वही मांडीवर ठेवली, हात म्होरं केला आन म्हणाली, "दाखव."