मडकं कोण भरतं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे लहानपणापासून कानीकपाळी ऐकत आले की प्रभूच्या लेकरानं कशाला भ्यायचं नसतं. अंधाराला मी आजही भीत नाही. मी घाबरले ती भर उन्हात, मे महिन्यात, सकाळचे दहा वाजले असताना, आणि तेही पाण्यानं भरलेल्या मडक्याला. आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

अहेरीपासून बरंच आत, जंगलाला लागून, आमच्या चर्चच्या मंडळीचा एक लहानसा दवाखाना आहे. मी तिथली नर्स. एक दिवस जवळच्या गावातली आशाताई, सरकारची आरोग्य-कार्यकर्ती, आली आणि दारातूनच म्हणाली, "सिस्टरबाई, आमच्या गावात एका बुढीच्या पायात किडे पडले. कोणी जाऊन नाई राह्यलं तिच्याजोळ."

"मग तू का जात नाहीस?" मी फणकारले.

"मले लेकरं हायेत ना, बाई. तुमी लोक भूत मानत नाई. मंग तुमीच जा."

आता यावर काय बोलणार? आपलाच बडेजाव आपल्या गळ्यात! पिशवीत सलाईन, गॉज, कात्री टाकली आणि निघाले.

प्रकरण असं होतं. आदल्या पावसाळ्यात त्या गावातली दोन लेकरं तापानं गेली. झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्यानं बोट दाखवलं ते या विधवा बुढीकडं, की हिनंच करणी केली. गाव बसलं आणि ठरलं की तिला गावाबाहेरच्या झोपडीत ठेवायचं, तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिला शिवायचं नाही, पाणी द्यायचं नाही. मुलानं तेवढा दिवसाआड भाताचा डबा ठेवायचा, तोही लांब, वाटेवर ओढलेल्या राखेच्या रेघेपाशी. उन्हाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली, वाचा गेली. डबा मात्र रिकामा होत होता, तेव्हा ती सरपटत येऊन खात असेल, असं सगळे समजून होते.

तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायचे दिवस होते. पहाटेच अख्खं गाव जंगलात गेलेलं. अंगणात खाटा, दोरीवर कपडे, आणि माणूस एकही नाही. कुत्रीसुद्धा मालकांमागं गेलेली. माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला. राखेची रेघ आली तेव्हा मी प्रभूचं नाव घेतलं आणि ओलांडली. खरं सांगायचं तर उडी मारून ओलांडली.

बुढी खाटेवर पडली होती. पायाची जखम भयंकर होती, पण ते माझं रोजचं काम. अळ्या काढल्या, जखम धुतली, पट्टी बांधली. तोवर बुढीनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या कुडाच्या भिंतीवर लागलेली. मी वळून पाहिलं. माती लिंपलेली नुसती भिंत. मी सरकून तिच्या समोर बसले, तर तिनं मान कलती केली आणि पुन्हा तिथंच बघू लागली.

निघताना तिला पाणी पाजावं म्हणून मडक्यावरची थाळी उचलली. मडकं काठोकाठ भरलेलं. थंडगार. नाला दोन महिन्यांपासून आटलेला, बोअरिंग गावाच्या पार त्या टोकाला, आणि ही बाई कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हती. मग हे पाणी आणलं कोणी?

रोज जाऊ लागले. रोज मडकं भरलेलं. एके दिवशी तिचे केस विंचरलेले होते, तेल लावून, मधोमध भांग पाडून. मी आशाताईला विचारलं, तू जातेस का? तिनं दोन्ही कान धरले. "नाई गा माय! काऊन जाईन मी तिकडं?"

मग ती सकाळ आली. पट्टी झाल्यावर मी डोळे मिटून प्रार्थना करत होते, आणि माझ्या मागं, भिंतीपलीकडं, कोणीतरी श्वास घेतला. वारा नव्हता, जनावर नव्हतं. दमलेल्या माणसाचा श्वास होता तो. प्रार्थना थांबवली तर तोही थांबला. सगळं बळ एकवटून मी बाहेर आले आणि झोपडीला वळसा घातला. मागं कोणी नव्हतं. वाळलेला पाला, आणि पाल्याआधीच्या मोकळ्या मातीवर एक ओलं पाऊल. एकच. मी बघत असतानाच उन्हानं ते सुकून गेलं. मी पिशवीसुद्धा न घेता पळाले.

घरी येऊन विचार करकरून डोकं दुखलं. भूत मी मानत नाही. मग उरलं काय? देवदूत! खरं तर भीती वाटली हे कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून मी त्या भीतीला प्रभूचं नाव दिलं. आणि रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी प्रभूच्या कामाची साक्ष द्यायला कोण उठतं विचारलं, तेव्हा उठले मी. टाकून दिलेल्या म्हातारीचं मडकं रोज आपोआप भरतं, प्रभू आपला दूत पाठवतो, मी त्याचा श्वास या कानांनी ऐकला. बायका डोळे पुसत होत्या. सगळी मंडळी हालेलुया म्हणाली. मला, देवाशपथ, फार बरं वाटलं.

अहेरीच्या बाजारात ही गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागतो? तिथून ती त्या गावात गेली, पण देवदूत वाटेतच गळून पडला. उरलं एवढंच की बुढीचं मडकं आपोआप भरतं, बुढी भूतं पाळते, आणि भूतं तिच्या घरी पाणी भरतात. दवाखान्याच्या सिस्टरबाईनं स्वतः पाहिलं!

आशाताई धावत आली. "बाई, तुमी काय बोलून बसलात? गाव बसलं हाय. बुढीले नाल्यापलीकडं जंगलात टाकून देतो म्हणतात, झोपडी जाळून टाकतो म्हणतात."

म्हणजे तिचा जीव घेणार होते. अर्धं अंग गेलेली बाई त्या जंगलात सकाळ बघत नसते. आणि हे सारं माझ्या तोंडामुळं! मी ठाण्याला फोन लावला. येतो म्हणाले, पण वाट लांबची. मी सुटले ती तडक गावात.

दुपार कलली होती. मोहाच्या झाडाखाली सगळं गाव जमलेलं, तेंदूच्या पानांनी हात काळे झालेले. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल. कोणी ओरडत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. गावपाटील अगदी मऊ आवाजात म्हणाला, "या, बाई. तुमी तं खोटं बोलत नाई. तुमीच सांगा, बुढीच्या घरी पाणी कोण भरते?"

एकच वाक्य हवं होतं. मी भरते. बोअरिंगवरून बादली नेते आणि भरते. एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. जिभेवर आलंही. पण तिथंच अडकलं. खोटी साक्ष देऊ नको. लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेली आज्ञा. चाळीस वर्षांत मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि त्याचा मला केवढा ताठा होता! सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. शेवटी मी म्हणाले, "मला माहीत नाही."

पाटलानं मान हलवली. दोन माणसं उठली, एकानं काड्यापेटी काढली.

तेवढ्यात बायकांमधून आवाज आला. "म्या भरलं."

बुढीची सून उभी होती. वाळकुटी, पंचविशीतली पोर, कमरेला पानं बांधायच्या दोऱ्या तशाच. नवरा तिच्या पुढ्यातच बसलेला. त्यानं वर पाहिलं नाही. ती म्हणाली, "म्या भरलं. पानं तोडाले जाते तं मधातून निघते मी. भातबी म्याच चारते तिले. ही बाई आली का मी मांगं लपून राह्यते. भूत-गीत काही नाई. मी हाय."

मग एक बाई तिच्या शेजारून उठली आणि लांब जाऊन बसली. मग दुसरी उठली. बघता बघता ती पोर मोकळ्या जागेत एकटी उभी राहिली.

झोपडी वाचली. भुतानं भरलेलं मडकं जाळता येतं, सुनेनं भरलेलं कसं जाळणार? बुढी अर्धा पावसाळा जगली आणि सुनेच्या मांडीवर गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं.

गावानं सुनेलाही बाहेर काढलं होतं. सकाळी गेले तर ती झोपडीत होती. कपड्यांचं एक गाठोडं आणि एक पातेलं, एवढाच संसार. मी पट्टी सोडायला बसले, तर तिनं माझ्या हातातली कात्री घेतली. "द्या इकडं. मले येते." भिंतीच्या फटीतून बघून शिकली होती. जखम माझ्यापेक्षा हलक्या हातानं धुतली तिनं. मी ट्रे धरून बसले.

मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होते, तेवढ्यात मान वर न करता तिनंच विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाई, काल तुमी 'मी भरते' म्हणून देलं असतं, तं तुमचा देव रागावला असता का?"

मी म्हटलं, "नाही. नसता रागावला."

ती गाठ मारत होती. गाठ मारून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मंग?"